दोन भाषा, एक अनुभव : अब्राहम काहान यांचे कथालेखन आणि संपादनकार्य

१

अमेरिकेतील ज्यू साहित्याच्या इतिहासात अब्राहम काहान (१८६०–१९५१) यांचे नाव दोन निरनिराळ्या प्रकरणांत येते. इंग्रजी कादंबरीच्या इतिहासात ते 'येक्ल' (१८९६) आणि 'द राइझ ऑफ डेव्हिड लेव्हिन्स्की' (१९१७) यांचे लेखक आहेत, तर यिद्दिश वृत्तपत्रांच्या इतिहासात न्यूयॉर्कच्या 'फोरव्हर्ट्स' या दैनिकाचे सर्वाधिकारी संपादक आहेत. १९१७ नंतर ते आणखी ३४ वर्षे जगले. मात्र या काळात त्यांची एकही नवी कादंबरी प्रसिद्ध झाली नाही. यावरून संपादकाने कादंबरीकाराचा बळी घेतला, असा निष्कर्ष सहज काढला जातो. हा निष्कर्ष कितपत टिकतो, याची तपासणी प्रस्तुत लेखात करावयाची आहे. कालक्रम आणि संहिता या दोहोंचा एकत्र विचार केला असता असे दिसते, की काहान यांचे संपादन व कथालेखन ही एकाच अनुभवाची दोन भाषांत झालेली विभागणी होती.

मराठी वाचकाला ज्यू समाज परिचित आहे तो मुख्यतः कोकणातील व मुंबईतील बेने इस्राएल समाजाच्या रूपाने. त्या समाजाची मातृभाषा मराठीच होती. त्यामुळे घरची आणि शेजाऱ्याची भाषा यांत तेथे मोठी दरी नव्हती. पूर्व युरोपातील ज्यूंची भाषिक स्थिती याहून वेगळी होती. प्रार्थनेची व धर्मग्रंथांची भाषा हिब्रू, शासनाची व प्रतिष्ठेची भाषा रशियन, आणि घरची, बाजाराची भाषा यिद्दिश. यिद्दिश ही जर्मन कुळातील, हिब्रू व स्लाव शब्दांनी समृद्ध झालेली आणि हिब्रू लिपीत लिहिली जाणारी भाषा होय. सुशिक्षित ज्यू तिला पुष्कळदा भाषेचा दर्जाही देत नसत. १८८१ नंतरच्या चार दशकांत रशियन साम्राज्य व आसपासच्या प्रदेशांतून सुमारे २० लाख ज्यू अमेरिकेत आले. त्यांतील बहुसंख्यांच्या तोंडी हीच भाषा होती आणि तिच्यात आता इंग्रजीची भर पडणार होती. काहान यांच्या लेखनाची पार्श्वभूमी ही आहे.

२

काहान यांचा जन्म ७ जुलै १८६० रोजी विल्ना शहराजवळील पोडबेरेझ्ये या गावी झाला. हा प्रदेश त्या वेळी रशियन साम्राज्यात होता. आज तो लिथुआनियात आहे. आजोबा रब्बी, वडील हिब्रूचे शिक्षक, अशा घरात त्यांचे बालपण गेले. त्यांच्या वयाच्या सहाव्या वर्षी कुटुंब विल्ना येथे आले. तेथे त्यांनी पारंपरिक धर्मशिक्षण घेतले. परंतु रशियन ग्रंथांच्या ओढीने ते त्यापासून दूर गेले. ज्यू शिक्षकांसाठी असलेल्या सरकारी संस्थेतून ते १८८१ मध्ये पदवीधर झाले आणि व्हेलिझ येथे शिक्षक म्हणून रुजू झाले. त्याच वर्षी मार्चमध्ये झार दुसरा अलेक्झांडर याची हत्या झाली. क्रांतिकारक मंडळांशी संबंध असल्याने काहान यांच्यावर पोलिसांची नजर होती. अटक टाळण्यासाठी त्यांनी देश सोडला व जून १८८२ मध्ये ते अमेरिकेत पोहोचले.

त्याच वर्षाच्या उन्हाळ्यातील एक प्रसंग त्यांच्या पुढील आयुष्याची दिशा सांगणारा आहे. न्यूयॉर्कमधील रशियन विचारवंत ज्यू कामगारांसमोर समाजवादावर व्याख्याने देत ती रशियनमध्ये. श्रोत्यांची भाषा यिद्दिश असताना व्याख्यान रशियनमध्ये कशासाठी, असा प्रश्न काहान यांनी केला. पुढे त्यांनी स्वतःच यिद्दिशमध्ये भाषण केले. अमेरिकेत यिद्दिशमधून झालेले ते पहिले समाजवादी भाषण मानले जाते. श्रोत्याच्या भाषेत बोलणे, ही त्यांच्या संपादकीय धोरणाची बीजरूप कल्पना येथे दिसते. यात यिद्दिशविषयीचे प्रेम किती आणि उपयुक्ततेची जाण किती, हा प्रश्न मात्र त्यांच्याबाबत शेवटपर्यंत राहिला.

सुरुवातीला त्यांनी सिगारच्या व पत्र्याच्या कारखान्यांत काम केले. अल्पावधीत इंग्रजी आत्मसात करून ते रात्रशाळेत स्थलांतरितांना इंग्रजी शिकवू लागले. १८९० मध्ये निघालेल्या 'आर्बाइटर त्साइटुंग' या साप्ताहिकाचे ते पुढील वर्षी संपादक झाले. आठवड्याच्या धर्मग्रंथवाचनाच्या घाटात समाजवादाचे निरूपण करणारे 'कामगार प्रवचनकारा'चे सदर त्यांनी तेथे चालविले. आशय नवा, परंतु त्याचा साचा वाचकाच्या अंगवळणी पडलेला, ही पद्धत पुढेही त्यांनी सोडली नाही.

त्यांचे कथालेखनही याच काळात आणि याच साप्ताहिकात सुरू झाले. १८९२ मध्ये त्यांनी यिद्दिशमध्ये लिहिलेली 'मोटके आर्बेल'ची कथा १८९५ मध्ये 'अ प्रॉव्हिडेन्शियल मॅच' या नावाने इंग्रजीत अवतरली. १८९४ मध्ये त्यांनी राफाएल नारिझोख या साध्या कारागिराची दीर्घकथा क्रमशः प्रसिद्ध केली. हा नायक स्वतःच्या विचाराने समाजवादापर्यंत पोहोचतो. काहान यांचे यिद्दिश कथन अशा प्रकारे वाचकाला कोठेतरी पोहोचविणारे आहे. त्यांच्या इंग्रजी कथनात पात्रे कोठेतरी पोहोचतात खरी, पण पोहोचल्यावर ती रिकामी होतात. हा फरक पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे.

३

अमेरिकी वास्तववादाचे अध्वर्यू विल्यम डीन हॉवेल्स यांनी काहान यांच्या कथेची दखल घेऊन त्यांना न्यूयॉर्कच्या ज्यू वस्तीवर अधिक लिहिण्यास प्रोत्साहन दिले. त्यातून 'येक्ल' ही लघुकादंबरी सिद्ध झाली. तिचे मूळ नाव 'यँकेल द यँकी' असे होते. हॉवेल्स यांना ते उथळ वाटल्याने बदलण्यात आले. अनेक संपादकांनी ती नाकारली. ईस्ट साइडच्या दरिद्री ज्यूंच्या जीवनात सुसंस्कृत वाचकाला रस वाटणार नाही, असा त्या नकारांचा सूर होता. तेव्हा काहान यांनी १८९५च्या अखेरीस ती आपल्या साप्ताहिकात यिद्दिशमध्ये छापण्यास प्रारंभ केला. इंग्रजी पुस्तक १८९६ मध्ये निघाले. हॉवेल्स यांनी स्टीफन क्रेन यांच्याबरोबर काहान यांची एकत्रित समीक्षा करून नव्या वास्तववादी लेखकांत त्यांची गणना केली.

कादंबरीचे कथानक साधे आहे. येक्ल तीन वर्षांपूर्वी रशियातून आला असून आता तो 'जेक' झाला आहे. कपडे शिवण्याच्या कारखान्यात काम करावे, मुष्टियुद्धाच्या व बेसबॉलच्या गप्पा माराव्या, संध्याकाळी नृत्यवर्गात जावे, हा त्याचा क्रम. मागे गावी पत्नी गिट्ल व मुलगा आहे, ही गोष्ट त्याने लपविलेली असते. वडिलांच्या मृत्यूची बातमी आल्यावर अपराधी भावनेने तो दोघांना बोलावून घेतो. परंतु धर्मनिष्ठ विवाहितेचा केसांचा टोप घातलेली गिट्ल बंदरावर दिसताच त्याला तिची लाज वाटते. अखेर नृत्यवर्गातील मेमी या तरुणीच्या पैशांतून घटस्फोट होतो. गिट्ल सावरते, घरातील अभ्यासू भाडेकरू बर्नस्टीन याच्याशी लग्न करून दुकान काढण्याचे तिचे ठरते. जेक मेमीशी लग्न करण्यासाठी ट्रामने निघालेला असताना कादंबरी संपते. गाडी थांबली की ती तशीच थांबून राहावी, असे त्याला वाटते. ज्या स्वातंत्र्यासाठी त्याने सारे केले, ते हाती येताच त्याला पराभवासारखे भासते.

भाषेच्या दृष्टीने या कादंबरीतील एक योजना विशेष लक्षणीय आहे. पात्रे यिद्दिश बोलतात. त्यांचे यिद्दिश संवाद काहान शुद्ध, प्रवाही इंग्रजीत देतात. मात्र त्या यिद्दिशमध्ये मिसळलेले इंग्रजी शब्द त्यांनी मोडक्या उच्चारांनुसार व तिरप्या अक्षरांत छापले आहेत. परिणामी आपल्या भाषेत बोलताना पात्र सहज व समर्थ वाटते, आणि अमेरिकी होण्याचा प्रयत्न करताच ते हास्यास्पद होते. निवेदक प्रमाण भाषेत व पात्रे बोलीत, ही रचना मराठी वाचकाच्या परिचयाची आहे. काहान यांनी तिच्यात एक उलथापालथ केली. त्यांच्या कादंबरीत परकी ठरते ती उसनी घेतलेली प्रतिष्ठित भाषा. तरीही या योजनेची एक मर्यादा नाकारता येत नाही. इंग्रजी वाचक त्या तिरप्या अक्षरांकडे पाहून हसतो, आणि निवेदक त्याला हसू देतो. हॉवेल्स यांच्या वर्तुळातील वाचकाशी हातमिळवणी करताना काहान आपल्याच माणसांपासून एक पाऊल दूर उभे राहतात. 'येक्ल'मधील ताण या अंतरातून आलेला आहे.

१८९८ मध्ये 'द इम्पोर्टेड ब्राइडग्रूम' हा कथासंग्रह आला. शीर्षककथेतील धनिक अस्रिएल स्ट्रून उतारवयात आपल्या जन्मगावी जाऊन मुलीसाठी तालमूदचा एक प्रकांड तरुण विद्वान जावई म्हणून आणतो. अमेरिकेत हा तरुण ऐहिक ज्ञानाच्या आहारी जातो. सासऱ्याला धर्म गमवावा लागतो, आणि ज्या मुलीसाठी हा खटाटोप केला तीही शेवटी नवऱ्याच्या मित्रमंडळीच्या तत्त्वचर्चेत बाहेरची ठरते. येथे दोष कोणाचाच नाही. प्रत्येकाला हवे ते थोडेफार मिळते आणि त्यातच प्रत्येकाचे काहीतरी हरवते. काहान यांच्या टॉल्स्टॉय-चेखॉव्ह यांच्या वाचनाचा संस्कार या तटस्थ करुणेत दिसतो.

४

'फोरव्हर्ट्स'ची स्थापना २२ एप्रिल १८९७ रोजी झाली. काहान पहिले संपादक होते, पण पक्षांतर्गत वादांनी भरलेले पत्र त्यांना नको होते. मतभेद होऊन काही महिन्यांतच ते बाहेर पडले. पुढील चार वर्षे त्यांनी 'कमर्शियल ॲडव्हर्टायझर' या इंग्रजी दैनिकात लिंकन स्टेफन्स यांच्या हाताखाली बातमीदारी केली. पोलीस कचेरी, न्यायालये, चाळी आणि रस्ते यांतून माणसांच्या कहाण्या शोधण्याचे हे शिक्षण होते. १९०२ मध्ये थोडा काळ आणि १९०३ पासून कायमचे ते 'फोरव्हर्ट्स'मध्ये परतले ते ही दृष्टी घेऊनच.

त्यांनी पत्राची भाषा सोपी केली. जर्मन वळणाची पंडिती यिद्दिश त्यांनी काढून टाकली आणि वाचक घरात व कारखान्यात जसे बोलत, तशी इंग्रजी शब्दांनी भरलेली यिद्दिश छापली. मुलांच्या खिशात रुमाल असावा असे मातांना सांगणारा अग्रलेख त्यांनी लिहिला, तेव्हा समाजवादाचा आणि रुमालाचा संबंध काय, अशी टीका झाली. १९०९ मध्ये बेसबॉलचा खेळ आकृतीसह समजावून देणारा लेख त्यांच्या पत्रात आला. जानेवारी १९०६ मध्ये 'बिंटल ब्रीफ', म्हणजे 'पत्रांचा जुडगा', हे सदर सुरू झाले. नवऱ्याने टाकलेल्या स्त्रिया, धर्म सोडल्याची बोचणी असलेले तरुण, आईवडिलांची लाज वाटणारी मुले त्यात आपली दुःखे मांडत आणि संपादक सल्ला देत. आरंभीची उत्तरे काहान स्वतः लिहीत. अशिक्षित वाचकांची पत्रे कार्यालयात नीटनेटकी करून छापली जात.

या सदरातील माणसे कोण होती? ती गिट्ल होती, जेक होता, अस्रिएल स्ट्रून होता. कादंबरीकाराने जी पात्रे कल्पिली होती, ती आता टपालाने संपादकाच्या टेबलावर येत होती. मात्र येथे त्याची भूमिका बदलली होती. कथेत तो जेकला त्या ट्राममध्ये सोडून देऊ शकत होता. सदरात त्याला उत्तर द्यावे लागत होते, आणि उत्तर देताना मार्ग आहे असे सांगावे लागत होते. इंग्रजी शिका, मुलांना खेळू द्या, संघटनेत या, मागचे उगाळत बसू नका, हा त्या उत्तरांचा एकंदर रोख होता.

जे इंग्रजी-मिश्रित शब्द 'येक्ल'मध्ये तिरप्या अक्षरांत, वाचकाच्या हसण्यासाठी वेगळे काढले गेले होते, तेच शब्द 'फोरव्हर्ट्स'च्या स्तंभांत हिब्रू लिपीत, इतर शब्दांच्या ओळीत निमूटपणे बसलेले दिसतात. कादंबरीत ते लाजेची खूण होते. वृत्तपत्रात ती वाचकाची भाषा ठरली. यिद्दिशच्या शुद्धतेचे पुरस्कर्ते यासाठी काहान यांच्यावर सतत टीका करीत, आणि त्या टीकेत तथ्य होते. यिद्दिश ही काहान यांच्या लेखी जपण्याची वस्तू नव्हती. ती अमेरिकेत पोहोचविणारी वाहतुकीची सोय होती. परंतु सामान्य माणसाच्या मोडक्या बोलीला प्रतिष्ठा मिळाली ती याच उपयुक्ततावादी धोरणातून, हेही तितकेच खरे. १९२० च्या दशकात या पत्राचा खप अडीच लाखांच्या घरात होता.

५

'संपादकाने कादंबरीकाराचा बळी घेतला' हा निष्कर्ष कालक्रमाच्या कसोटीवर प्रथम ढासळतो. रशियन क्रांतिकारकांवरील 'द व्हाइट टेरर अँड द रेड' ही कादंबरी १९०५ मध्ये आली. काहान यांची सर्वश्रेष्ठ कृती तर 'फोरव्हर्ट्स'ची सूत्रे हाती घेतल्यानंतर एका दशकाने आकाराला आली. १९१३ मध्ये 'मॅक्ल्युअर्स' मासिकाने त्यांच्याकडे कपड्यांच्या धंद्यात ज्यूंनी मिळविलेल्या यशावर लेख मागितले. काहान यांनी लेखांऐवजी एका कल्पित कारखानदाराचे आत्मकथन दिले. त्याच मासिकाने त्याच सुमारास ज्यूंच्या अमेरिकेवरील 'आक्रमणा'वर एक लेख छापला होता, ही बाब ध्यानात घेण्यासारखी आहे. अशा शेजारी ज्यू कारखानदाराचे निर्दय चित्र रंगविणे धोक्याचे होते. तरीही काहान यांनी ते केले, आणि १९१७ मध्ये त्याची विस्तृत कादंबरी केली.

डेव्हिड लेव्हिन्स्की १८८५ मध्ये खिशात चार सेंट घेऊन न्यूयॉर्कला उतरतो आणि ३० वर्षांनी २० लाख डॉलरांहून अधिक मालमत्तेचा धनी होतो. तो मूळचा तालमूदचा विद्यार्थी. त्याची आई दंगलखोरांच्या हातून मारली गेली आहे. अमेरिकेत त्याला महाविद्यालयात शिकायचे असते. एके दिवशी कारखान्यात त्याच्या हातून दुधाची बाटली रेशमी कोटांवर सांडते. मालक अपमान करतो, आणि त्या रागात तो स्वतःचा धंदा काढण्याचे ठरवितो. पुढे तो संघटनेला फसवितो, आपल्या गाववाल्यांनाच कमी मजुरीवर राबवितो, आणि डार्विन-स्पेन्सरच्या आधाराने ते योग्यही ठरवितो. प्रेम तीनदा जवळ येते आणि तिन्ही वेळा हातचे जाते. अखेरीस तो कबूल करतो, की पोथीपुढे डोलणारा तो गावचा मुलगाच आपल्याला आजच्या कारखानदारापेक्षा अधिक आपला वाटतो.

समाजवादी संपादकाने भांडवलदाराला निवेदक केले आणि त्याला आपले स्वतःचे अंतरंग दिले, यात या कादंबरीचे सामर्थ्य आहे. लेव्हिन्स्की कामगारांचा शोषक आहे. पण त्याचे बालपण, त्याची इंग्रजीची तहान, श्रद्धेचा त्याग आणि त्यानंतरचे एकाकीपण ही लेखकाच्या जवळची द्रव्ये आहेत. रात्रशाळेत इंग्रजी शिकताना लेव्हिन्स्की आपला शिक्षक बेंडर याच्या लकबी टिपतो. बोलताना आपले हात हलतात याची त्याला लाज वाटते. काहान यांनी अशाच वर्गांत शिक्षक म्हणून अनेक वर्षे काढली होती. 'येक्ल'मधील तिरपी अक्षरे येथे मोठ्या प्रमाणावर अनावश्यक झाली आहेत. निवेदक निर्दोष इंग्रजी लिहितो. परंतु त्या अक्षरांतली लाज आता त्याच्या अंतर्मनात गेलेली आहे. पूर्वी वाचक पात्राला हसत होता. आता पात्र स्वतःकडेच परक्याच्या नजरेने पाहते. निवेदक आणि पात्र यांच्यातील ते जुने अंतर काहान यांनी असे मिटविले.

हे परिवर्तन संपादकीय अनुभवाशिवाय शक्य झाले असते, असे वाटत नाही. १९०९ व १९१०च्या वस्त्रकामगारांच्या मोठ्या संपांत 'फोरव्हर्ट्स' कामगारांच्या पाठीशी उभे होते, त्यामुळे धंद्याचे सारे बारकावे काहान यांच्या डोळ्यांखालून गेले होते. 'बिंटल ब्रीफ'मधून हजारो स्थलांतरितांचा प्रथमपुरुषी स्वर त्यांच्या कानांत बसला होता. 'लेव्हिन्स्की'चे रूपही कबुलीजबाबाचेच आहे. जणू एका वाचकाने संपादकाला लिहिलेले ते अतिदीर्घ पत्र आहे. फरक एवढाच, की या पत्राला खाली उत्तर नाही.

६

१९१७ नंतरच्या मौनाचा अर्थ या प्रकाशात निराळा लागतो. यिद्दिशमध्ये काहान माणसांना 'पुढे चला' असे सांगत होते ('फोरव्हर्ट्स' या शब्दाचा अर्थच 'पुढे' असा आहे) आणि इंग्रजीत त्या पुढे जाण्याची किंमत लिहीत होते. 'लेव्हिन्स्की'त तो हिशेब पुरा झाला. १९२६ ते १९३१ या काळात त्यांनी 'ब्लेटर फुन माइन लेबन' हे पाच खंडांचे आत्मचरित्र लिहिले, ते यिद्दिशमध्ये. कल्पित आत्मकथनासाठी इंग्रजी आणि खऱ्या आत्मकथनासाठी यिद्दिश, ही निवडही बोलकी आहे.

संपादक म्हणून उत्तरायुष्यात ते हेकट व हुकूमशाही वृत्तीचे झाले, हे नोंदविणे आवश्यक आहे. शोलेम आश हे 'फोरव्हर्ट्स'चे अग्रगण्य लेखक. परंतु येशूच्या जीवनावरील त्यांची कादंबरी छापण्यास काहान यांनी नकार दिला, आणि १९३९ मध्ये ती इंग्रजीत प्रसिद्ध झाल्यावर आश यांच्याविरुद्ध दीर्घ मोहीम चालवून पुस्तकही लिहिले. दुसरीकडे, इस्राएल जोशुआ सिंगर यांची 'योशे काल्ब' १९३२ मध्ये याच पत्रात क्रमशः आली आणि १९३५ मध्ये न्यूयॉर्कला आलेले त्यांचे धाकटे बंधू आयझॅक बाशेविस सिंगर यांना लेखनासाठी याच पत्राचा आधार मिळाला. बाशेविस सिंगर यांना १९७८ मध्ये नोबेल पारितोषिक लाभले. ज्या भाषेला काहान यांनी केवळ साधन मानले, तिच्यातील थोर कथालेखनाचे ते एक प्रमुख आश्रयदाते ठरले, हा विरोधाभास नजरेआड करता येणार नाही.

३१ ऑगस्ट १९५१ रोजी काहान यांचे निधन झाले. त्यानंतर 'लेव्हिन्स्की'चे पुनर्मूल्यमापन सुरू झाले. आयझॅक रोझेनफेल्ड यांनी १९५२ मध्ये तिच्यावर महत्त्वाचा निबंध लिहिला, आणि १९६० मध्ये तिची नवी आवृत्ती निघाली. 'येक्ल'वर आधारित 'हेस्टर स्ट्रीट' हा चित्रपट १९७५ मध्ये आला. त्यातील बहुतेक संवाद यिद्दिशमध्ये आहेत. काहान यांनी इंग्रजीत आणलेली गिट्ल अशा रीतीने आपल्या बोलीत परतली. 'फोरव्हर्ट्स' १९८३ मध्ये दैनिकाचे साप्ताहिक झाले आणि २०१९ मध्ये त्याची छापील आवृत्ती बंद झाली. काहान यांच्या सल्ल्याप्रमाणे वाचकांची मुले इंग्रजी शिकली व पुढे गेली. त्यामुळे पत्राला नवा वाचक उरला नाही. संपादकाचे यश आणि त्याच्या पत्राचा अस्त यांचे कारण एकच होते.

हे यश लेव्हिन्स्कीच्या यशाच्या जातीचे होते. आपण काय घडवीत आहोत आणि त्यात काय मोडत आहे, याची जाण काहान यांना होती. तिचा पुरावा त्यांच्या इंग्रजी कथांत आहे. म्हणून केवळ कादंबऱ्या वाचणाऱ्याला काहान निराशावादी वाटतील आणि केवळ वृत्तपत्र पाहणाऱ्याला ते भाबडे सुधारक वाटतील. दोन्ही भाषांतील लेखन शेजारी ठेवले, तरच स्थलांतरिताच्या आशेचा आणि हानीचा पूर्ण आलेख हाती येतो. लेखक-संपादकांच्या अभ्यासात त्यांच्या नियतकालिकांची पाने सर्जनशील लेखनाबाहेरची म्हणून बाजूला ठेवली जातात. काहान यांचे उदाहरण त्या पद्धतीचा फेरविचार करावयास लावणारे आहे.